पाटी पुसायची कुणी? संगणकातल्या पाकिटांची आणि चिंचोक्यांची गोष्ट



मुलांना इंटरनेट शिकवताना आपण "माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून येते" एवढं सांगतो आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. पाचवी-सहावीला तेवढं पुरतंही. पण प्रत्येक वर्गात एखादं पोर असतंच, जे विचारतं, "मग आलेलं पाकीट वाचून झाल्यावर जातं कुठे?" आजचा पाठ त्या प्रश्नावर आहे. प्रश्न दिसायला साधा आहे. पण लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेटवर्कच्या भागात याच प्रश्नाचं उत्तर एका ठिकाणी चुकलेलं होतं. ती चूक अकरा वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही, आणि तिचा फायदा घेऊन संगणकावरचा साधा वापरकर्ता अख्ख्या यंत्राचा मालक होऊ शकत होता. लिनक्स म्हणजे कुठली तरी लांबची गोष्ट नव्हे बरं का. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सचाच आहे, आणि आपण जी संकेतस्थळं रोज उघडतो त्यांतली बरीचशी लिनक्सवरच चालतात.

आधी पाकीट ठेवायचं कुठे ते पाहू. नेटवर्क कार्डातून पाकीट आलं की ते मेमरीत ठेवायला जागा लागते. लिनक्समध्ये या जागेला 'सॉकेट बफर' म्हणतात, आणि प्रोग्रामर मंडळी तिचा उल्लेख 'एसकेबी' असा करतात. इथरनेटवरच्या एका नेहमीच्या पाकिटात १५०० बाइटपर्यंत मजकूर मावतो. १ गिगाबिटची लाइन अशा मोठ्या पाकिटांनी पूर्ण भरून वाहू लागली, तर सेकंदाला साधारण ८१ हजार पाकिटं येतात. म्हणजे दर सेकंदाला ८१ हजार जागा घ्यायच्या आणि तितक्याच परत करायच्या. परत केलेली जागा लगेच दुसऱ्या कुणाला तरी दिली जाते.

मुलांना हे सांगायला मला पाटीइतकी चांगली उपमा सापडलेली नाही. कपाटात पाट्या आहेत. निरोप आला की एक पाटी घ्यायची आणि त्यावर निरोप लिहायचा. ज्यांना वाचायचाय त्यांचा वाचून झाला की पाटी पुसून कपाटात ठेवायची. मग तीच पाटी दुसरं मूल उचलतं आणि त्यावर आपली गणितं सोडवतं. वही असती तर पान उलटलं असतं, मागचा मजकूर तसाच राहिला असता. पाटीवर मात्र पुसलं की गेलं.

आता खरी अडचण. निरोप वाचणारा एकच असेल तर वाचणाऱ्यानेच पाटी पुसावी, प्रश्नच मिटला. पण संगणकात एकाच पाकिटाकडे एकाच वेळी अनेकांचं लक्ष असतं. कार्डाचा ड्रायव्हर असतो, पत्ता वाचणारा आयपीचा थर असतो, त्याच्यावर टीसीपीसारखा थर असतो. कुणी 'टीसीपीडंप' चालू केलं असेल, तर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पाकिटावर नजर ठेवणारा तो आणखी एक. यातल्या कुणालाच बाकीच्यांचं वाचून झालंय की नाही हे दिसत नाही. मग पाटी पुसायची कुणी?

यावर काढलेली युक्ती चिंचोक्यांनी समजावता येते. प्रत्येक पाटीशेजारी एक वाटी ठेवायची. पाटी पहिल्यांदा घेणारा वाटीत एक चिंचोका टाकतो. "मलाही ही पाटी लागणार आहे" असं म्हणणारा प्रत्येक जण आणखी एक टाकतो. काम झालं की प्रत्येकाने आपला एक चिंचोका काढून घ्यायचा, आणि ज्याने काढल्यावर वाटी रिकामी होईल त्यानेच पाटी पुसून कपाटात ठेवायची. बस, एवढाच नियम! कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही. इंग्रजीत याला 'रेफरन्स काउंटिंग' म्हणतात, मराठीत संदर्भगणना म्हणू. (हा संदर्भ म्हणजे आपल्या 'संदर्भासह स्पष्टीकरण द्या' मधला नव्हे. इथे संदर्भ म्हणजे "या वस्तूची मला अजून गरज आहे" अशी नोंद.) लिनक्सच्या एसकेबीमध्ये या वाटीचं नाव 'युझर्स' आहे.

वर्गात करून पाहायचं तर पाच मुलं पुरतात. फक्त एक गोष्ट मुद्दाम घडवून आणा: दोघांना एकाच क्षणी वाटीत डोकावायला सांगा. दोघांनाही दोन चिंचोके दिसतात. दोघंही मनाशी म्हणतात, "मी एक काढला तरी एक उरतोय, म्हणजे शेवटचा मी नाही." दोघं एकेक काढून निघून जातात. वाटी रिकामी, आणि पाटी तशीच पडलेली! आजच्या संगणकात अनेक प्रोसेसर एकदम काम करतात, त्यामुळे हे तिथे खरंच घडू शकतं. म्हणून तिथे आकडा कमी करणं आणि उरले किती ते पाहणं ही दोन्ही कामं मिळून एकच, मधे न तुटणारी क्रिया असते. तिला 'ॲटॉमिक' क्रिया म्हणतात. मुलांच्या भाषेत सांगायचं तर वाटीत एका वेळी एकच हात.

आणखी एक नियम आहे. वाटीत एकाहून जास्त चिंचोके असताना पाटीवर कुणी काही खरडायचं नाही, फक्त वाचायचं. ज्याला बदल करायचा असेल त्याने आपली प्रत काढून घ्यावी. लिनक्समध्ये आयपीचा थर पाकीट हातात आल्यावर सुरुवातीलाच हे तपासतो आणि पाकीट सामायिक असेल तर त्याची 'क्लोन' प्रत करतो. ही प्रत अर्धवट असते. पाकिटाची माहिती सांगणारी वरची चिठ्ठी नवी, पण आतला मजकूर मात्र जुनाच, दोघांत मिळून एक. त्यामुळे त्या मजकुराची वेगळी वाटी ठेवावी लागते. म्हणजे वाट्या झाल्या दोन. इथे मुलांचा गोंधळ होतो, मोठ्यांचाही होतो. पहिल्या दिवशी हे वगळलंत तरी चालेल.

मोजणी चुकली तर काय होतं?

चूक दोन बाजूंनी होऊ शकते. एखाद्याने चिंचोका काढायचाच विसरला, तर वाटी कधीच रिकामी होत नाही आणि पाटी कपाटात परत येत नाही. याला 'मेमरी लीक' म्हणजे गळती म्हणतात. हिशेब मांडून पाहा, सातवीच्या मुलांना छान गणित होईल. सेकंदाला ८१ हजार पाकिटं, प्रत्येकाला २ किलोबाइट जागा, आणि शंभरातलं फक्त एकच पाकीट परत करायचं राहून जातंय असं धरा. सेकंदाला ८१० पाकिटं अडकली, म्हणजे सुमारे १.६ मेगाबाइट गेले. या वेगाने ४ गिगाबाइट मेमरी पाऊण तासाच्या आत संपते. मग यंत्र मंदावतं, अडखळतं आणि बंद पडतं. त्रास होतो, पण निदान काहीतरी बिघडलंय हे कळतं तरी.

दुसऱ्या बाजूची चूक जास्त वाईट. वाटीत चिंचोका असतानाच कुणीतरी पाटी पुसून टाकतो. ज्याचं वाचन बाकी आहे तो परत येतो तेव्हा पाटीवर दुसऱ्याच मुलाची गणितं असतात, आणि तो तीच आपला निरोप समजून वाचतो. पुढे हा बिचारा नियमाप्रमाणे आपला चिंचोका काढतो, वाटी रिकामी झालेली पाहतो आणि तीच पाटी 'परत आली' म्हणून पुन्हा नोंदवतो. आता कपाटाच्या यादीत एकाच पाटीचा क्रमांक दोनदा आहे, आणि ती पाटी एकाच वेळी दोघांना दिली जाऊ शकते. एक जण जे लिहील ते दुसऱ्याच्या नावावर. यातला एक जण लबाड असेल तर? गंमत संपते ती इथेच.

अकरा वर्षं लपलेली ओळ

आता घडलेली गोष्ट. ऑक्टोबर २००५ मध्ये लिनक्सची २.६.१४ ही आवृत्ती आली आणि तिच्यात 'डीसीसीपी' नावाची एक नवी संदेशपद्धत दाखल झाली. आवाज आणि चित्रफितींसारखी माहिती पाठवताना रस्त्यावर गर्दी झाली तर वेग कमी करायचा, पण हरवलेल्या जुन्या पाकिटासाठी अडून बसायचं नाही, असा तिचा हेतू होता. ती फारशी वापरली गेली नाही. पण बऱ्याच लिनक्स वितरणांत ती तयार ठेवलेली असे आणि कुणी मागितली की आपोआप सुरू होई.

डीसीसीपीत "मला जोडणी हवी" असं सांगणारं एक विनंती-पाकीट येतं. येणारं प्रत्येक पाकीट आधी एका मुख्य फंक्शनकडे जातं, आणि विनंती असेल तर ते फंक्शन तिची नोंद करायला दुसऱ्या फंक्शनला सांगतं. नोंद झाली की मुख्य फंक्शन पाकीट टाकून देतं. वाटीत एकच चिंचोका, काम संपलं, पाटी पुसली. इथपर्यंत सगळं बरोबर.

पण आयपीची सहावी आवृत्ती वापरणाऱ्या प्रोग्रामला एक खास सोय मागता येते: "पाकीट नेमक्या कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या मार्गाने आलं, तेही मला सांगा." ही सोय मागितलेली असेल तर नोंद करणारं फंक्शन ते पाकीटच बाजूला जपून ठेवतं. आणि नियमाप्रमाणे वाटीत आपला चिंचोकाही टाकतं. म्हणजे आता वाटीत दोन. त्या फंक्शनने काहीच चुकीचं केलेलं नाही.

चूक मुख्य फंक्शनमध्ये होती. ते परत आल्यावर वाटीकडे न बघताच पाटी पुसत होतं.

हे शक्य कसं झालं? लिनक्समध्ये पाकीट सोडण्याची दोन फंक्शनं आहेत आणि त्यांची नावं जवळजवळ सारखी. एकाचं नाव 'केफ्री-एसकेबी'. ते एक चिंचोका काढतं, वाटी पाहतं आणि ती रिकामी झाली असेल तरच पाटी पुसतं. दुसऱ्याचं नावही तेच, फक्त पुढे दोन अंडरस्कोर. ते वाटीकडे ढुंकूनही पाहत नाही, सरळ पुसायला लागतं. खरं तर हे दुसरं म्हणजे पहिल्याच्या पोटातलं अवजार. वाटी रिकामी झाल्याची खात्री झाल्यावरच ते हाती घ्यायचं. डीसीसीपीच्या मुख्य फंक्शनमध्ये शेवटी 'डिस्कार्ड' नावाची एक जागा होती आणि तिथे हे अंडरस्कोरवालं अवजार वापरलेलं होतं. वाटीत एकच चिंचोका असेल तोवर दोन्ही फंक्शनांचा परिणाम अगदी सारखा. ती खास सोय मागणारा प्रोग्राम विरळा. त्यामुळे ही चूक रोजच्या वापरात कधी वर आलीच नाही.

मला यात सगळ्यात विचार करण्यासारखी वाटते ती एक बाब: चिंचोका टाकणारी ओळ एका फाइलीत होती आणि न बघता पुसणारी ओळ दुसऱ्या. कुठलीही एकच फाइल वाचली तर चूक दिसत नव्हती. चूक दोन्हींच्या मधल्या समजुतीत होती. "इथे येईपर्यंत माझ्याशिवाय कुणाला हे पाकीट नको असेल" असं मुख्य फंक्शन गृहीत धरत होतं, आणि ते गृहीतक कुठेही लिहिलेलं नव्हतं.

फेब्रुवारी २०१७ मध्ये आंद्रे कोनोवालोव या संशोधकाला ही चूक सापडली. त्यासाठी त्यांनी 'सिझकॉलर' नावाचं साधन वापरलं. हे साधन गाभ्याला उलटसुलट, कुठल्याही क्रमाने, माणूस सहसा विचारणार नाही असे प्रश्न विचारत राहतं. नवीन आलेलं खोडकर पोर जसं प्रत्येक बटण दाबून बघतं, अगदी तसं. त्याच्या जोडीला सहसा 'केएसॅन' नावाचा पहारेकरी ठेवतात. पुसून परत केलेल्या पाटीला कुणी हात लावला की तो तिथल्या तिथे ओरडतो. एरवी अशी चूक झाल्याचं लगेच कळत नाही. खूप नंतर, भलत्याच ठिकाणी काहीतरी बिघडतं, आणि शोधणारा तिथेच खोदत बसतो.

या चुकीला सीव्हीई-२०१७-६०७४ असा क्रमांक मिळाला. धोका असा होता: पाटी पुसली जाणं आणि ती दुसऱ्यांदा परत केली जाणं या मधल्या वेळात हल्लेखोर त्या जागेवर आपल्या पसंतीचा मजकूर बसवू शकत होता. गाभा तो मजकूर आपला समजून वापरणार. त्या मजकुरात "पुढचं काम अमुक ठिकाणी आहे" असा पत्ता असेल तर गाभा तिकडे जाणार आणि हल्लेखोराचं काम स्वतःच्या अधिकारात करून देणार. यासाठी त्या यंत्रावर आधी साधं खातं असणं गरजेचं होतं, बाहेरून नुसतं पाकीट पाठवून हे जमत नव्हतं. पण एकाच यंत्रावर अनेकांची खाती असतात अशा ठिकाणी हा दिलासा फार मोठा नाही.

दुरुस्ती केवढी? एक ओळ गेली, दोन आल्या. 'डिस्कार्डकडे जा' ही ओळ काढून तिच्या जागी 'कन्झ्यूम-एसकेबी' हे फंक्शन बोलावलं, आणि पुढच्या ओळीत "काम झालं, परत जा". 'कन्झ्यूम' हे केफ्रीचं भावंड आहे. तेही एकच चिंचोका काढतं आणि वाटी पाहतं. फरक इतकाच, की केफ्री म्हणजे 'पाकीट टाकून दिलं' अशी नोंद आणि कन्झ्यूम म्हणजे 'पाकीट नीट वापरून संपलं' अशी नोंद. किती पाकिटं वाया जातात ते पाहणाऱ्यांना हा फरक उपयोगी पडतो. ध्यानात घ्या, दुरुस्ती करताना "ती खास सोय मागितली आहे का?" अशी वेगळी तपासणी जोडली नाही. तशी जोडली असती तर आजचं भागलं असतं, पण उद्या तिसऱ्या कुणी चिंचोका टाकला की तीच गत. फंक्शनला फक्त सगळ्यांसाठी असलेल्या नियमात परत आणलं: आपला एक चिंचोका काढ, बाकीच्यांचं तू ठरवू नकोस. टीसीपीचा कोड अशाच जागी पूर्वीपासून वाटी पाहूनच पाकीट सोडत होता.

हातातून हातात देताना

अशा चुका बहुतेक वेळा देवाणघेवाणीच्या जागी होतात, म्हणून तिथे नियम स्पष्ट असावे लागतात. लिनक्समध्ये बाहेर जाणारं पाकीट रांगेत लावणारं एक फंक्शन आहे. त्याच्यासोबत असं नमूद केलेलं आहे की काम यशस्वी होवो वा फसो, पाकीट एकदा दिलं की ते दिलं, तुमचा त्याच्यावरचा हक्क संपला. पुन्हा पाठवायला लागेल असं वाटत असेल तर देण्याआधीच आपला जादा चिंचोका टाकून ठेवा. कार्डाच्या ड्रायव्हरसाठी नियम वेगळा आहे. ड्रायव्हर 'ठीक' म्हणाला तर पाकीट त्याचं. 'सध्या जागा नाही' म्हणाला तर पाकीट देणाऱ्याकडेच राहतं आणि देणारा ते पुन्हा पाठवतो. आता एखाद्या ड्रायव्हरने पाकीट सोडूनही दिलं आणि वर 'जागा नाही' असंही सांगितलं, तर देणारा पुसलेली पाटीच पुन्हा पाठवायला निघतो. नवीन ड्रायव्हर लिहिणाऱ्याने सर्वांत आधी कुठे बघावं, असं कुणी विचारलं तर मी याच ओळीकडे बोट दाखवेन. सगळं सुरळीत चालतानाचा रस्ता सगळेच तपासतात. फसल्यावर परत फिरण्याचा रस्ता कुणी तपासत नाही.

त्याच वर्षी खुद्द वाटीही बदलली. आधीचा आकडा ३२ बिटांचा साधा आकडा होता. तो ४ अब्ज २९ कोटींच्या पुढे गेला की गाडीच्या मीटरसारखा फिरून शून्यावर येतो, आणि शून्य म्हणजे 'पुसायला हरकत नाही'! हे नुसतं कागदावरचं भय नव्हतं. जानेवारी २०१६ मध्ये लिनक्सच्या गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या भागात नेमकी अशीच चूक उघड झाली होती. तिथे एका ठिकाणी चिंचोका काढायचा राहून जात होता, आणि तेच पुन्हा पुन्हा घडवून आकडा पूर्ण फिरवता येत होता. मग २०१७ मध्ये लिनक्सच्या ४.११ आवृत्तीत 'रेफकाउंट-टी' नावाचा नवा मोजक आला आणि ४.१३ मध्ये एसकेबीची 'युझर्स' ही वाटीही त्या पद्धतीची झाली. हा मोजक मर्यादेला पोहोचला की तिथेच अडकून बसतो, शून्यावर येत नाही. शून्य झालेल्या वाटीत कुणी पुन्हा चिंचोका टाकू लागला तर इशाराही देतो. अडकलेली पाटी मग कायमची अडकते, पण निदान चुकीच्या हातात जात नाही. दोन वाईटांतलं कमी वाईट निवडलंय, आणि माझ्या मते योग्य निवडलंय.

अर्थात डीसीसीपीची ती चूक या नव्या वाटीनेही वाचली नसती. वाटी कितीही चांगली असली तरी तिच्याकडे न बघणाऱ्यापुढे ती काय करणार?

डीसीसीपीचा कोड २०२५ मध्ये ६.१६ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आला, वापरणारे आणि सांभाळणारे दोन्ही उरले नव्हते म्हणून. त्याआधीच्या, दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांमध्ये तो अजून आहे, त्या दोन नव्या ओळींसह.